इलेक्ट्रोड की टू-फोटॉन?

भाचीचं पीएचडीचं पहिलं वर्ष, बघायचंय काय तर मेंदूच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या, म्हणजे नजरेचं काम बघणाऱ्या भागातल्या, पेशी हलणाऱ्या रेघेला कशा प्रतिसाद देतात, आणि गाडी अडलीय इलेक्ट्रोड (पेशीजवळ खुपसायची, तिचे विजेचे ठोके टिपणारी बारीक तार) की टू-फोटॉन इमेजिंग (लेझर टाकून पेशींची चमक बघणारा मायक्रोस्कोप) यावर. म्हटलं, ब्रोशरं आधी बाजूला ठेव.

टायमिंगमध्ये इलेक्ट्रोडच भारी. स्पाइक, म्हणजे पेशीचा विजेचा ठोका, जेमतेम 1 मिलिसेकंदाचा, इलेक्ट्रोड स्पीकरला जोडला की रेघ उजवीकडे गेली तर तडतडतड, डावीकडे गेली तर चिडीचूप, कानालाच कळतं. ह्यूबेल-वीझल या शास्त्रज्ञांना 1958 मध्ये मांजरात हेच ऐकू आलं, तेही मुद्दाम दाखवलेल्या ठिपक्यामुळे नाही, प्रोजेक्टरमध्ये सरकवलेल्या काचेच्या कडेमुळे! टू-फोटॉनमध्ये दिसते ती स्पाइकबरोबर पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियममुळे येणारी चमक, ती स्पाइक संपला तरी शेकडो मिलिसेकंद रेंगाळते. पण शेकडो पेशी एकदम दिसतात, कोण कोणाच्या शेजारी बसलंय तेही, मांजरात एकाच तऱ्हेची रेघ पसंत असणाऱ्या पेशी गटाने बसलेल्या आणि उंदरात नुसती भेळ.

खर्च? लेझरचं नाव काढलं की गाईड विषय बदलतात.

खोलीचं म्हणशील तर टू-फोटॉनचा उजेड काहीशे मायक्रॉनच पोचतो. माकडाचा एमटी हा भाग, गतीसाठी खरा तोच, मेंदूच्या घडीत आत दडलेला, तिथे इलेक्ट्रोडच. उंदीर आणि पेशींची मांडणी हवी असेल तर मात्र टू-फोटॉन, लेझर उसना मिळाला तर उत्तमच.