घरगुती गोबरगॅस संच (एक घनमीटर): दोन वर्षं वापरून झाल्यावर

दोन गाई आणि एक कालवड, रोजचं शेण पंचवीस किलोच्या आसपास. तेवढ्यात भागेल असा तरंगत्या टाकीचा संच घेतला. टाकी उत्तम आहे, आजवर कुठे गळलेली नाही. सकाळचा चहा-भाकरी आणि रात्रीचा डाळभात मिळून दोन-अडीच तास शेगडी चालते. सिलिंडर आता अडीच महिने पुरतो.

तक्रार वेगळी आहे. संच बसवणारे दादा जाताना म्हणाले, ''ताई, यात खरकटं-बिरकटं कायबी टाका, सगळं जिरतंय.'' पुतणीच्या हळदीला उरलेला दोन घमेली भात मी त्यांच्या भरवशावर एकदम ओतला. तिसऱ्या दिवशी टाकी टम्म वर आलेली, पण काडी लावली की ज्योत फुर्र करून विझायची. आतला शेण-पाण्याचा काला ढवळला तर आंबूस भपकारा आला. सामू (पीएच) मोजायच्या पट्ट्या घरात होत्या, रंग साडेपाचाच्या खुणेशी जुळला, म्हणजे काला आम्ल झालेला.

मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, म्हणून काय झालं ते कळलं. भाताचं आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. त्या आम्लाचा आणि हायड्रोजनचा मिथेन करणारे मात्र जिवाणू नव्हेतच, ते आर्किया. दिसायला सारखे, म्हणून आधी जिवाणूंतच मोजले जायचे. १९७७ साली इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमचा (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा) आरएनए ताडून पाहिला, तेव्हा ही जिवांची वेगळीच शाखा निघाली. कॉलेजात हे एका तासात उरकलं होतं. त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येकदा दिवस लागतात, प्राणवायू त्यांना सोसत नाही आणि आम्ल साचलं की त्यांचं काम थांबतं. टाकी फुगली होती ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने, मग ज्योत धरणार कशी?

दहा दिवस टाकीला उपास घडवला. चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली आणि ताज्या शेणाचा पातळ काला दोन बादल्या घातला. शेण म्हणजे विरजणच. गाईच्या पोटातले आर्किया त्यातून आपसूक येतात, बाहेरून बी आणावं लागत नाही. (त्यांच्यातलाच एक, मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी, माणसाच्या आतड्यातही असतो. काहींच्या श्वासात मिथेन सापडतो तो मुख्यतः त्याचाच.) अठराव्या दिवशी निळी ज्योत धरली. सासूबाईंनी त्यावर पहिलं दूध तापवलं.

विक्रेत्याने दिलेल्या माहितीपत्रकात टाकीची जाडी, पाइपाची लांबी, हमीची वर्षं सगळं आहे. आत जे जिवंत आहे, त्याबद्दल एक ओळ नाही. शेण-पाणी समप्रमाणात घाला, खरकटं ओंजळभरच आणि तेही सवयीने वाढवत न्या, काल्याचा सामू सातच्या आसपास ठेवा, एवढं छापून सोबत पट्ट्यांचं एक पाकीट दिलं असतं तरी पुरे होतं. पाइपाचा उतारही चुकीचा दिला होता. त्यात पाणी साचून ज्योत फडफडायची, तो आम्हीच नीट करून घेतला.

जुन्नरची थंडी कडक. डिसेंबर-जानेवारीत गॅस निम्म्यावर येतो. तेव्हा काला दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून घाला, फरक पडतो.

पाचपैकी चार तारे. घरची गुरं असतील तर जरूर घ्या, नुसत्या खरकट्याच्या भरवशावर हा संच घेऊ नका. बाहेर पडणारी स्लरी आम्ही कांद्याला सोडतो.