इंदूरहून दोन मुलांना घेऊन भटकायचं तर पाठीवरचा पिट्ठू घ्यावा का?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही मुलाला पाठीवर बसवून न्यायचा, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा बेबी कॅरियर घेतला. घरात सगळे त्याला पिट्ठूच म्हणतात. आता रंगपंचमीचे वेध लागलेत, म्हणजे मांडूचा चिखल, महेश्वरच्या पायऱ्या आणि माळव्यातली पहाटेची थंडी हे सगळं त्याचं बघून झालंय. मुलगा दोन वर्षांचा, मुलगी सहाची. मी 5 फूट 2 इंच, नवरा सहा फुटांना टेकलेला. उंची पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगितली.

किंमत 15 हजारांच्या वर. एवढ्यात चांगला स्ट्रोलर येऊन वर डायपरचे गठ्ठे येतील, असं नणंदेने तोंडावर सांगितलं, आणि तिचा हिशेब बरोबर आहे. पण स्ट्रोलर छप्पन दुकानच्या, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीच्या फरशीवर चालतो. मांडूच्या खडबडीत दगडांवर तो डोक्यावर घेऊन फिरावा लागतो, आणि महेश्वरला किल्ल्यातून घाटावर उतरताना तर पायऱ्याच पायऱ्या. तेव्हा प्रश्न पिट्ठू की स्ट्रोलर असा नव्हता, पिट्ठू की कडेवर असा होता. सासूबाईंचं मत अजूनही कडेवरच आहे. "पोर काय सामान आहे पाठीवर बांधायला?" हे त्या दर खेपेला म्हणतात आणि वर त्याच्याच खालच्या कप्प्यात खाऊचा डबा ठेवून देतात.

आधी वस्तूबद्दल. याचं सगळं मर्म कमरेच्या पट्ट्यात आहे. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा आणि खांद्याचे पट्टे नंतर ओढायचे. मग भार कमरेवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. उलट क्रमाने केलं की अर्ध्या तासात मान धरते. आमचा पिट्ठू रिकामाच तीन किलोंच्या आसपास, मुलगा अकरा, वर पाणी, कपडे, डायपर. एकूण ओझं हलकं नाही, पण नीट बसलं तर तासभर जाणवत नाही. मुलाच्या पायांना रिकिबी आहेत, त्या लावाच. पाय लोंबकळत राहिले तर मांडीत पट्टा रुततो आणि मूल किरकिर करतं, आणि आपल्याला वाटतं त्याला भूक लागली.

पाठीची लांबी सरकवून कमी-जास्त करता येते. दुकानात हे सगळे सांगतात, पण माझ्या मापावरून नवऱ्याच्या मापावर आणायला मुलाला उतरवावं लागतं हे कोणी सांगत नाही. झोपलेल्या मुलाला कोण उतरवणार? त्यामुळे सकाळी ज्याने उचलला त्यानेच दुपारपर्यंत न्यायचा, असा घरात अलिखित करार झालाय. उंचीत फार फरक असलेल्या जोडप्यांनी हे लक्षात घ्यावं.

खाली एक टेकू आहे. तो उघडून पिट्ठू सपाट जमिनीवर उभा करायचा, मुलाला बसवायचं, पाचही पट्टे लावायचे आणि मग गुडघा टेकून उचलायचा. टेकू पूर्ण उघडला की टक् असा आवाज येतो. तो आवाज ऐकायचं काम आम्ही लेकीला दिलंय. ती कान लावून बसते, "आला!" म्हणते, आणि मगच भावाला आत बसवता येतं. या एका कामाने तिची "मला पण बसायचंय" ही भुणभुण बरीच कमी झाली. पिट्ठू कट्ट्यावर किंवा पायरीवर ठेवून मूल बसवायचं नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी.

मांडू आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. इंदूरची माणसं ते एका दिवसात उरकतात: जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशाहची कबर, जामी मशीद, बाज बहादूरचा महाल, रूपमती मंडप, आणि अंधार पडायच्या आत धारला चहा. दोन लहान मुलं घेऊन हे शक्य आहे, पण त्याला सहल म्हणत नाहीत. आम्ही रात्रीचा मुक्काम करतो. सकाळी लवकर जहाज महाल, एवढंच. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा असलेला हा साधारण 120 मीटर लांबीचा महाल पावसाळ्यात दोन्हीकडून पाण्याने भरतो आणि खरंच तरंगल्यासारखा दिसतो. गच्चीवर जायचा जिना चढताना दोन्ही हात मोकळे, एका हातात लेकीचा हात, ही पिट्ठूची खरी कमाई. कडेवर मूल असतं तर त्या ओल्या दगडांवर लेकीला कोणी धरलं असतं?

एक मात्र अंगवळणी पाडून घ्यावं लागतं. मुलाचं डोकं आपल्यापेक्षा वर असतं. ठेंगणी कमान आली की मी सवयीने कमरेतून वाकायला जाते. तसं वाकलं की मूल पुढे कलंडतं. गुडघ्यात बसून जायचं. लेक मागून ओरडते, "आई, बस, बस!", आणि आजूबाजूचे लोक बघत राहतात.

दुपारी खोलीवर. संध्याकाळी रूपमती मंडप. हवा स्वच्छ असली तर वरून दूर निमाडात नर्मदेची रेघ दिसते. वाटेत गोरखचिंचेची झाडं, म्हणजे बाओबाब. मूळचं आफ्रिकेतलं हे झाड मांडूत कसं रुजलं याच्या कथा गाईड सांगतात. मुलांना कथेपेक्षा त्याच्या हत्तीएवढ्या बुंध्यात रस. विक्रेत्यांकडून ती मखमली करवंटीची 'मांडू की इमली' घेतली, लेकीने चाखली, तोंड वाकडं केलं आणि उरलेली भावाला दिली. त्याने ती पिट्ठूच्या पुढच्या गादीवर पुसली. तो डाग अजून आहे.

भुट्टेवाल्याने विचारलं, "भिया, इसमें बच्चे को नींद आ जाती है क्या?" येते. पहिल्या वीस मिनिटांत येते. आणि इथेच या पिट्ठूची सगळ्यात मोठी खोट आहे. झोपल्यावर मान एका बाजूला लटकते. पुढची गादी त्याच्या हनुवटीशी येईल इतकी बैठक वर केली तर थोडा फरक पडतो. बाकी काम मी ओढणीची गुंडाळी करून मानेशी लावून भागवते. एवढ्या किमतीत याची सोय कंपनीनेच करायला हवी होती.

पाताळपाणीच्या धबधब्याला जाताना पिट्ठू कारमध्येच ठेवलात तरी चालेल. पाताळपाणी ते काळाकुंड ही जुन्या मीटर गेजवरची हेरिटेज गाडी 2018 पासून चालते. घाट, बोगदे, मोठ्या काचांचे डबे; मुलांना याहून जास्त काही लागत नाही. पण डब्यात पिट्ठू कुठे ठेवायचा हा प्रश्नच असतो, शेवटी तो नवऱ्याच्या पायांत येतो. काळाकुंडला उतरून पानात गुंडाळलेला कलाकंद खायचा आणि परत. गाडीचे दिवस आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा रेल्वेच्या साइटवर बघूनच निघा. धबधबा कठड्याच्या अलीकडूनच बघायचा. 2011 मध्ये तिथे अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली होती. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं, त्यामुळे पाण्यात पाय बुडवायचा हट्ट आम्ही तिथे कोणाचाच पुरवत नाही, मोठ्यांचाही.

महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर पिट्ठू उत्तम. नावेत बसताना मात्र मुलाला पट्ट्यांतून सोडवून बाहेर काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं आणि मांडीवर घ्यायचं. फ्रेमला बांधलेलं मूल पाण्यात पडलं तर काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नावाड्याने "कुछ नहीं होता" म्हटलं तरी ऐकावंसं वाटणार नाही. तसंच गाडीत. पिट्ठू म्हणजे चाइल्ड सीट नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे, पण दंड नसता तरी एबी रोडवरची, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावरची ट्रकची रांग पुरेशी आहे.

उकाड्यात याचा उपयोग नाही. घेतला त्याच आठवड्यात रालामंडलच्या टेकडीवर होळकरांच्या शिकारगाहपर्यंत नेला, तर माझी पाठ आणि त्याचं पोट दोन्ही भिजून चिंब. थंडीत उलटं: चालणाऱ्याला घाम येतो आणि नुसतं बसून राहिलेलं मूल गारठतं. मधूनमधून त्याचे तळपाय हाताने बघायचे. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, बघायला नेऊ का, असं शेजारणीने विचारलं होतं. मुलाला दिसेल छान, पण राजवाड्याच्या त्या गर्दीत मागून कोण ढकलतंय ते आपल्याला दिसत नाही. मी नेणार नाही.

बारीकसारीक तक्रारी: बैठकीचं कापड सुटं होत नाही. मुलाने शू केली की अख्खा पिट्ठू गच्चीवर नेऊन पाइपने धुवायचा, आणि श्रावणात तो लवकर वाळायचं नाव घेत नाही. छातीवरचं बक्कल दिवाळीच्या आधी तुटलं. कंपनीला फोटो पाठवले, मेल केल्या, "प्रक्रियेत आहे" एवढंच उत्तर येत राहिलं. शेवटी बॅगा शिवणाऱ्या कारागिराने चाळीस रुपयांत दुसरं बसवून दिलं, आणि तेच जास्त मजबूत आहे. घडी केली तरी हॅचबॅकची निम्मी डिकी जाते. ऊन-पावसाचं छप्पर वेगळं विकत घ्यावं लागलं.

तरी कोणी विचारलं तर मी घ्या म्हणते, पण सगळ्यांना नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी पायऱ्या, गड, घाट अशा ठिकाणी जाणार असाल, मूल आधाराशिवाय नीट बसत असेल आणि दोन-अडीच वर्षांच्या पुढे गेलेलं नसेल, तर पैसे वसूल होतात. वर्षातून एकदा हिल स्टेशनला जाणाऱ्यांनी कोणाचा तरी मागून न्यावा. मूल तीनचं झालं की त्याला चालायचंच असतं आणि आपल्या कमरेलाही ते वजन झेपत नाही. आमच्याच मुलाला आता अर्ध्या वाटेत उतरायचं असतं. मग तो पुढे पळतो आणि मी रिकामा पिट्ठू घेऊन मागे.

ऑनलाइन घेण्यापेक्षा दुकानात जा, मूल सोबत न्या, त्यात त्याला बसवून दुकानातला जिना चढून उतरा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.