लालबागचं ‘मुलांचा बोलायचा हक्क’ वर्कशॉप : ५ पैकी ४ स्टार, आईबाबांनी पण सोबत बसा

माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे, आणि मध्यंतरी शाळेच्या भित्तिपत्रकातून तिची कविता काढून टाकली, का तर त्यात मुलींच्या टॉयलेटला कडी नाही असं लिहिलं होतं. कारण विचारलं तर ‘शाळेची बदनामी होते’ एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून ती वहीत पण काही लिहीत नव्हती म्हणून हे वर्कशॉप लावलं. लालबागला एका वाचनालयाचा हॉल आहे, रविवारी सकाळी असतं, दोन वकील ताई घेतात, मुलांना १५० रुपये आणि पालकांना फ्री.

सुरुवात केरळच्या तीन भावंडांपासून केली हे फार आवडलं. राष्ट्रगीताला ती नीट उभी राहायची पण धर्मामुळे गायची नाहीत, म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढलं, आणि १९८६ ला सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. मग अमेरिकेची टिंकर केस. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात १९६५ च्या डिसेंबरमध्ये हातावर काळी पट्टी बांधून शाळेत गेलेली मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची, म्हणजे आमच्या मुलींएवढीच. तिला घरी पाठवलं, पण १९६९ ला कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल मुलांच्या बाजूने दिला. शाळेच्या कामात खरंच मोठा अडथळा येत असेल तरच अडवता येतं, नुसतं कुणाला आवडलं नाही म्हणून नाही, हे ताईंनी इतकं सोपं करून सांगितलं ना.

सगळ्यात भारी चिठ्ठ्यांचा खेळ होता. चिठ्ठीत एक प्रसंग, तो वाचायचा आणि ‘चालेल’ किंवा ‘नाही चालेल’च्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि का ते सांगायचं. वर्गात तास चालू असताना घोषणा, वर्गातल्या मुलीच्या रंगावरून पोस्टर, पिण्याच्या पाण्याबद्दल पत्र, असं बरंच काही. माझी लेक आधी मध्येच उभी होती, मग म्हणाली, “कडी नाही हे लिहिणं बदनामी कशी? कडी नसणं ही बदनामी आहे.” अख्खा हॉल गप्प. ताईंनी लगेच तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यावरूनच संविधानातलं कलम १९(१)(अ) आणि १९(२) समजावलं, हक्क काय आणि त्याची मर्यादा कुठे.

पालकांसाठी कामाची गोष्ट म्हणजे तक्रार तोंडी करायची नाही, लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवायचा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत किमान ७५ टक्के पालक असायला हवेत, आणि कलम १७ प्रमाणे मुलांना मानसिक त्रास देणं पण बंद आहे. हे मला माहीतच नव्हतं, आणि आमच्या शाळेतल्या कितीतरी आयांना माहीत नसणार.

एक स्टार का कापला ते सांगते. हेझलवूडची केस पाच मिनिटांत गुंडाळली. अमेरिकेचीच १९८८ ची ही केस, प्रिन्सिपलने मुलांनी काढलेल्या शाळेच्या वर्तमानपत्रातली दोन पानं काढून टाकली आणि तिथे कोर्टाने प्रिन्सिपलची बाजू घेतली. म्हणजे शाळेच्या नावाने निघणाऱ्या अंकात मुलांचा हक्क तिथेही कमी पडतो, आणि आपलं भित्तिपत्रक तसंच तर असतं! यावर नीट अर्धा तास हवा होता. मुलांना जिंकलेल्याच गोष्टी सांगून कसं चालेल, उद्या शाळेत समोर हाच मुद्दा येणार. दुसरं म्हणजे हँडआउट पूर्ण इंग्लिशमध्ये, मराठी मिडियमची मुलं नुसती पानं उलटत होती. पंखे पण मागच्या रांगेत पोचत नाहीत, पुढे बसा.

करी रोडला उतरलं की चालत जाता येतं. सहावीच्या खालच्या मुलांना जड जाईल, मोठ्यांना नक्की न्या. हँडआउट मराठीत करून द्या असं ताईंना सांगून आलेय, मिळालं की आमच्या समितीच्या मीटिंगमध्ये मी स्वतः वाटणार आहे, कवितेचा अर्ज पण त्याच दिवशी देतेय.