2.5 इंची कॅट-बॅक, रेझोनेटरसकट: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले हा एक्झॉस्ट गाडीवर आहे म्हणून आता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिण्यात अर्थ नसतो, नवीन मफलरच्या आतलं पॅकिंग तापून तापून बसायला वेळ लागतो आणि तोपर्यंत आवाज बदलत राहतो, माझा सुरुवातीपेक्षा आता जरा जाड आणि मोकळा झालाय. गाडी 2 लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅट, त्याच्या मागचं सगळं बदललंय (म्हणून कॅट-बॅक), 304 स्टेनलेसचा 2.5 इंची पाईप, मध्ये लांब रेझोनेटर (नको तो आवाज दाबणारा डबा), मागे स्ट्रेट-थ्रू, म्हणजे गॅस सरळ आरपार जाणारा मफलर.

आधी याच गाडीवर दुसरा सेटअप होता तो सांगायलाच हवा, नाहीतर हा का आवडला ते कळणार नाही. एका फॅब्रिकेटरकडून 3 इंची पाईप करून घेतला होता, रेझोनेटर काढून टाकलेला, मागे छोटा मफलर. बाहेर उभं राहून ऐकलं तर अंगावर काटा यायचा. पण हायवेला पाचव्या गिअरमध्ये 2500 आरपीएमला आलो की काचा बंद असल्या तरी आत नुसतं घूं घूं घूं, कानात दडे बसल्यासारखं. आई मागे बसली होती, तासाभरात म्हणाली, "अरे जरा थांबव गाडी, डोकं भणभणतंय माझं." त्या दिवशीच ठरवलं हे काढायचं.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण व्हिडिओ बघून एक्झॉस्ट निवडणारे सगळे इथेच फसतात. चार सिलिंडर इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर फायर होतात, म्हणजे 2500 आरपीएमला सेकंदाला साधारण 83 धक्के. 83 हर्ट्झ म्हणजे खोल बेस, आणि गाडीची बंद केबिन हा बेस अजून फुगवते. फोनचा माइक असला खोल आवाज नीट पकडतच नाही, त्यामुळे व्हिडिओत फक्त वरचा करकरीत भाग ऐकू येतो आणि हे आतलं घूं घूं, ज्याला ड्रोन म्हणतात, ते कळतच नाही. शक्य असेल तर त्याच एक्झॉस्टच्या गाडीत बसून अर्धा तास हायवेला जाऊन या, दुसरा उपाय नाही.

आता हा नवीन. रेझोनेटरमध्ये भोकं पाडलेली नळी आणि भोवती पॅकिंग, त्याने वरचा फाटका, पत्रा वाजल्यासारखा आवाज मरतो. पण खरी कमाल आहे ती बाजूला जोडलेल्या बंद तोंडाच्या नळीची. आवाजाची लाट त्यात शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, जाऊन-येऊन अर्धी लाट मागे पडते आणि पाईपमधून येणाऱ्या लाटेला बरोब्बर उलटी भिडून तिला खाऊन टाकते. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला तर 83 हर्ट्झसाठी ही नळी जवळपास दीड मीटर लागते, म्हणून ती गाडीखाली वळवून बसवलीय. 2500 ला आता आत शांत, गप्पा मारता येतात. पण ही नळी एकाच पट्ट्यात काम करते, त्यामुळे 1900 च्या आसपास चढावर थ्रॉटल दाबला तर थोडी घुमते अजून, ते आहेच. आणि 4000 च्या वर जो आवाज फुटतो ना, जाड, भरलेला, एका सुरात चढत जाणारा, त्यासाठी मी मुद्दाम गिअर खाली टाकतो.

चार सिलिंडरमधून व्ही8 चा आवाज मात्र कुठल्याच मफलरने येणार नाही. आवाजाचा स्वभाव क्रँक, फायरिंग ऑर्डर आणि हेडरच्या, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या लांबीवरून ठरतो, मफलर त्याला फक्त गाळतो. सुबारूच्या जुन्या टर्बो गाड्यांची ती प्रसिद्ध गडगड बघा, दोन बाजूंच्या हेडरच्या नळ्या असमान लांबीच्या म्हणून यायची, समान लांबीचे हेडर लावले की गडगड गायब.

पॉवर. डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) आधी-नंतर चाकावर 7 एचपी वाढले, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) न करता, आणि दोन रनमध्येच 2-3 एचपी इकडेतिकडे होतात हे धरून वाचा. टर्बोच्या मागे अडथळा जितका कमी तितका टर्बो लवकर फिरतो हे खरंच आहे, पण मोठा अडथळा डाऊनपाईप (टर्बोला लागूनचा पाईप) आणि कॅटमध्ये असतो, कॅट-बॅकमध्ये कमी. त्यामुळे फक्त पॉवर हवी असेल तर पैसे आधी रीमॅपला द्या. आणि "इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच" असं जे ऐकवतात ते चुकीचं आहे, टर्बो नसलेल्या इंजिनाला लागतो तो गॅसचा वेग, पुढची लाट मागच्या सिलिंडरमधला धूर ओढून नेते. 2.5 वरून 3 इंचावर गेलं की पाईपचं क्षेत्रफळ 44 टक्के वाढतं, छोट्या इंजिनात वेग साधारण 30 टक्के पडतो आणि खालचा टॉर्क जातो.

कॅट मी काढला नाही आणि काढणारही नाही. अनेक देशांत रस्त्यावर ते बेकायदेशीर आहे, वरून चेक इंजिनचा दिवा आणि नाकात जाणारा वास. मागून येणाऱ्याने तो धूर का खायचा?

बनावट चांगली आहे. वळणं मँड्रेल बेंडची आहेत, म्हणजे आत आधार देऊन वाकवलेली, आतला व्यास कुठेच दबलेला नाही. आधीच्या फॅब्रिकेटरच्या पाईपला वळणावर कॅलिपर लावला तर 3 इंचाचा कुठे अडीचसुद्धा भरत नव्हता, आणि फ्लँजमधून गळून काळी काजळी आणि थंड इंजिनला टिक टिक टिक. नवीन घेताना वेल्डिंग आतूनही बघा, आत काळे दाणे दिसले तर पाईपच्या आत आर्गॉन गॅस न सोडता वेल्ड केलंय.

तक्रार एकच, मागच्या अॅक्सलवर जागा खूप कमी आहे, चार माणसं बसली आणि खड्डा आला की पाईप लागायचा. जास्त कडक रबराचे हँगर लावले, थांबलं. आणि 500 किमीनंतर क्लॅम्प परत आवळाच, माझे दोन सैल झाले होते.