कमरेचं यंत्र की नोंदवही? मुलांची धावपळ मोजायची तर

आमच्या जळगाव-धुळ्याकडचे क्रीडाशिक्षक हल्ली भेटले की एक विषय निघतोच. मुलं दिवसभरात किती हालचाल करतात हे मोजायचंय, तर कमरेला लावायचे स्टेप काउंटर मागवावेत, हातातले बँड घ्यावेत की मुलांकडून लिहूनच घ्यावं? पाचवी ते नववीच्या मुलांसोबत मी तिन्ही वापरून पाहिलंय. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, पण तुमची शाळा वेगळी असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो.

बँडचं लवकर आटोपतो. त्याला चार्जिंग लागतं, फोन लागतो आणि प्रत्येक मुलाचं खातं लागतं. शिवाय तो मनगटावर असतो. सव्वीस जानेवारीच्या तयारीत मुलं जागेवर उभी राहून लेझीम खेळली, तरी बँडवर पावलं चढत जातात. एकट्यादुकट्या मुलाच्या पालकांनी खुशाल घ्यावा, पण अख्ख्या वर्गासाठी मी सुचवणार नाही. विद्यापीठातले संशोधक कमरेला ॲक्सिलरोमीटर बांधतात. तो हालचालीचा जोरही नोंदवतो, पण शाळेच्या खर्चात बसत नाही.

म्हणजे खरी निवड स्टेप काउंटर आणि नोंदवही यांच्यातली.

स्टेप काउंटरची मोठी बाजू म्हणजे तो मुलाच्या आठवणीवर अवलंबून नसतो. सेल बरेच महिने टिकतो, आकडा समोर दिसतो आणि मुलांना हुरूप येतो. पालक मात्र लगेच विचारतात, ‘दहा हजार झाली का?’ हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरबरोबर रूढ झाला, मुलांच्या अभ्यासातून आलेला नाही. क्लिपचाही त्रास आहे. हाफ पँटच्या इलॅस्टिकवर ती नीट बसते, फ्रॉकवर लावायला जागाच नसते आणि सलवारीच्या नाडीवर यंत्र कलंडतं. आत स्प्रिंग असलेलं स्वस्तातलं यंत्र तिरकं झालं की पावलं गाळतं. कबड्डीच्या आधी तर ते काढूनच ठेवावं लागतं, म्हणजे सगळ्यात जोराचा खेळ हिशेबाबाहेर राहतो.

एवढं सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मन उडालं ते सायकलीमुळे.

आपल्याकडे कितीतरी मुली वाडी-वस्तीवरून सायकलने शाळेत येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, त्याने शिक्षण टिकलं आणि पायही मजबूत झाले. पण पॅडल मारताना कंबर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे कमरेचं यंत्र ते मोजतच नाही. समोरून वारा, डांबर उखडलेला रस्ता, कॅरिअरवर दप्तर, हे सगळं पार करून घामाघूम झालेली मुलगी वर्गात येते आणि तिच्या यंत्रावर मोजकी पावलं दिसतात. शाळेच्या भिंतीला घर लागून असलेला मुलगा मधल्या सुट्टीत दोन चकरा मारून तिच्या पुढे जातो. तक्त्यावर ती मुलगी आळशी ठरते. मला हे सहन झालं नाही, आणि तो तक्ता मी भिंतीवर लावला नाही. डोक्यावर भरली कळशी घेऊन चालणं आणि रिकाम्या हाताने चालणं यांतही यंत्राला फरक कळत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्या शेतात कापूस वेचणाऱ्या पोराचं वाकणं, उठणं, ओझं ओढणं त्याच्या लेखी जवळपास शून्य.

नोंदवहीचे दोष मला ठाऊक आहेत. मुलं विसरतात, आणि सरांना आवडेल ते लिहितात. ‘किती मिनिटं खेळलास?’ असं विचारलं की निम्मा वर्ग ‘एक तास’ लिहितो. त्यात त्यांचा दोष नाही. १९९५ च्या एका निरीक्षणात लहान मुलांच्या जोरकस हालचालीचा एकेक झटका साधारण तीनच सेकंदांचा आढळला होता. असे तुकडे मूल मिनिटांत कसं सांगणार? म्हणून मिनिटं विचारूच नयेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचालीची आहे, पण तो हिशेब मोठ्यांनी करायचा.

साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी पीएक्यू-सी नावाची प्रश्नावली आहे, तिनेही हाच मार्ग धरला आहे. मागचे सात दिवस घेऊन ती मधली सुट्टी, शाळा सुटल्यावरची वेळ, संध्याकाळ असं विचारते आणि १ ते ५ गुण देते. आजारी होतास का, हेही शेवटी विचारते. ती मूळची कॅनडाची, त्यामुळे खेळांच्या यादीत आइस हॉकी आणि स्कीइंग आहे. ते काढून तिथे लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, सायकल, पाणी भरणं, बकऱ्या चारणं घालावं लागतं. यादी बदलल्यावर आपले गुण दुसऱ्यांच्या गुणांशी ताडता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं. माझ्या कामाला त्याने अडलं नाही.

सात दिवसांऐवजी मी रोज सकाळी हजेरीनंतर कालच्या दिवसाची नोंद घेतो. पाचवी-सहावीला तोंडी विचारतो, तेही घरच्या बोलीत: ‘शाळा सुटनी मंग काय कयं?’ मग उत्तर भडाभडा येतं, आणि शेजारचा लगेच म्हणतो, ‘नाही सर, हा तर मोबाईल पाहत होता.’ अशी तपासणी यंत्राकडून होत नाही.

फक्त मधल्या सुट्टीचा किंवा पीटीच्या तासाचा फरक पाहायचा असेल, सगळी मुलं पायी येणारी असतील, तर स्टेप काउंटर घ्या, सोपं पडेल. पूर्ण दिवस पाहायचा असेल आणि वर्गात सायकलवाल्या मुली असतील, तर मी वहीकडेच जाईन. कुठलंही घ्या, एप्रिलमधली नोंद डिसेंबरशी जोडू नका. भुसावळच्या उन्हात, सकाळच्या शाळेनंतर, दुपारभर कुणी बाहेर पडत नाही. नोंद हिवाळ्यात एक आठवडा आणि उन्हाळ्यात एक आठवडा घ्या, दोन्हींत रविवार येऊ द्या, आणि ‘शाळेत कसा आलास’ हा रकाना सगळ्यात आधी ठेवा.