सोमवारची सुट्टी आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट: साइटवरचे आठ महिने

कोल्हापुरातल्या फुलेवाडीत एका दुमजली बंगल्याचं काम घेतलं, तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची डेस्कटॉप आवृत्ती वापरतोय. त्याआधी वही, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मुकादमाची आठवण यांवर सगळं भागायचं.

पहिला महिना वाया गेला, चूक माझीच. वहीच्या सवयीनं प्रत्येक कामापुढं हातानं तारीख टाकली. विटा उशिरा आल्या, बांधकाम चार दिवस लांबलं, पण गिलावा आपल्या जागी ढिम्म! २०१० च्या आवृत्तीपासून नवीन काम मुळात मॅन्युअलवर पडतं, म्हणजे त्याची तारीख आपोआप सरकत नाही, हे ठाऊक नव्हतं. ऑटोवर घेतल्यावरही सुरुवातीची तारीख टाइप केली की 'याआधी नको' अशी अट चिकटते. मग काम पुढं सरकतं, पण मागं काही येत नाही. आता तारीख फक्त पायाखुदाईला, बाकी सगळं प्रेडिसेसरच्या, म्हणजे 'आधीचं काम कोणतं' या रकान्यातून.

सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर आधी दुरुस्त करा. त्यात शनिवार-रविवार सुट्टी असते. आमची सोमवारी, शिवाय बेंदूर, दिवाळी, आणि सेंट्रिंगवाले विजापूरकडचे असल्यानं त्यांच्या गावची जत्रा वेगळी.

खरी गंमत स्लॅबला झाली. साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. हॉलसाठी मी १४ दिवस भरले, तर सॉफ्टवेअरनं मधले दोन सोमवार वगळून १६ दिवस धरले. काँक्रीटला कुठली आलीय साप्ताहिक सुट्टी? तिथं सलग दिवस लागतात: 'एफएस+१४ईडी', म्हणजे आधीचं काम संपल्यावर सुट्ट्या न वगळता १४ दिवसांनी पुढचं. ईडी वाचून मालक जरा दचकले. 'इलॅप्स्ड डेज हो', म्हटलं, तेव्हा हसले.

पैसे वसूल झाले ते क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं, त्या साखळीवर. मला वाटायचं, उशीर होणार तो गिलाव्यानं. सगळी कामं जोडल्यावर लाल पट्टी आली सागवानी चौकटींवर! चौकट उभी राहिल्याशिवाय भिंत वर जात नाही, आणि सुताराला तीन आठवडे हवे होते. त्याच संध्याकाळी ऑर्डर दिली. वहीत ही चौकट 'किरकोळ' या सदरात पडली होती.

एकच गवंड्यांची टोळी दोन साइटवर लावली की लाल माणसाचं चिन्ह येतं. मुकादम म्हणाला, "ह्येला कम्पुटर कशाला? येकच गवंडी दोन ठिकानी कसा हुबा ऱ्हाईल?" बरोबर आहे, पण मी तसा उभा केला होताच की. ऑटो लेव्हलिंग, म्हणजे असा गुंता सॉफ्टवेअरनं आपोआप सोडवणं, मात्र वापरत नाही. त्यानं कामं अशी लांबवली की हातानं जुळवणं सोपं. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचं मूळ वेळापत्रक, मी स्लॅबनंतर जतन केली, त्यामुळं आधीच्या उशिराचा हिशेब मालकांना तोंडीच द्यावा लागला.

साइटवर हे कुणी उघडत नाही. दर शनिवारी पुढच्या दोन आठवड्यांचा कागद छापून वॉचमनच्या खोलीला चिकटवतो, त्याचा फोटो ग्रुपवर.

आता जुलै. बाहेरचा गिलावा मेअखेर उरकला, आत फरशी चालू आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी चढायला लागलं की वाळू-खडीच्या गाड्यांचा भरवसा नसतो, म्हणून वाळू-खडी लागणाऱ्या कामापुढं आठ दिवसांची मोकळीक हातानं टाकून ठेवलीय.