ऑटोमॅटिक झटके देतेय: ऑइल बदलायचं, फ्लश मारायचा की गिअरबॉक्स उघडायचा?

यवतेश्वर घाट चढताना दुसऱ्यातून तिसरा गिअर पडला की गाडी असा दणका द्यायची की मागे बसलेली आई सीटला घट्ट धरून ठेवायची. साताऱ्यातल्याच एका गॅरेजवाल्याने नुसती चालवून बघितली आणि सरळ सांगितलं, गिअरबॉक्स उघडावा लागेल. नाही उघडला, आणि त्याचं समाधान आजही आहे.

हे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या) ऑटोमॅटिक गाडीबद्दल बरं का. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, तिथे क्लच आणि अ‍ॅक्ट्युएटर (क्लच-गिअर आपोआप हलवणारी यंत्रणा) बघायचा, सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइलच वेगळं असतं, तिथे हे चालवू नका.

सगळ्यात आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०७५० च्या आसपासचा सोलेनॉइडचा (गिअर बदलताना ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) कोड आला तर नुसत्या ऑइलवर भागेल असं धरू नका, आधी सोलेनॉइड आणि त्याचं वायरिंग तपासून घ्या. प्लग-कॉइल मिसफायर किंवा इंजिनचं फाटलेलं माउंट (रबरी आधार) असलं तरी झटका गिअरचाच वाटतो.

आता फरक. नुसतं ड्रेन करून भरलं तर साधारण निम्मंच ऑइल बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून मी थोडे थोडे दिवस गाडी चालवून तीनदा केलं. निम्म्याचं निम्मं करत गेलं की नवीन ऑइल ५०, मग ७५, मग ८७ टक्क्यांच्या वर जातं. फ्लशमध्ये, म्हणजे मशीनने जुनं ऑइल ढकलून बाहेर काढताना, एका दिवसात जवळपास सगळं बदलतं, पण ऑइल जास्त लागतं, आणि वर्षानुवर्षं ऑइलच बदललेलं नसेल तर बसलेली घाण हलून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल गिअरांकडे वळवणाऱ्या बारीक वाटांच्या भागात) अडकायची भीती, त्यामुळे जुन्या गाडीला मी तरी फ्लश मारू देणार नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी असेल तर खुशाल मारा. दोन्हीत ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं हवं.

गिअरबॉक्स उघडायचा का हे चेंबरमधल्या (तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) मॅग्नेटवर ठरवा, चेंबर काढताना स्वतः उभे राहा. माझ्या मॅग्नेटवर करडी पेस्ट होती, बोटाने चोळली तर काजळासारखी मऊ लागली, ती नॉर्मल झीज. टोचणारे कण, पातळ चकत्या निघाल्या किंवा ऑइल काळं होऊन जळका वास येत असेल आणि गिअर स्लिप होत असेल, तर मात्र ऑइलवर पैसे घालवू नका, उघडाच.

ऑइल बदलल्यावर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन (गिअर कसे टाकायचे याबद्दल कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं) रिसेट करायला सांगा, माझं पहिल्यांदा राहिलं होतं आणि चार दिवस झटका तसाच होता.